तुळशीची जीन्स

चांगुणा पंच्याऐंशी सालापासून उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात होती, पण खरं सांगायचं तर तिने अख्खी जीन्स कधी शिवलीच नव्हती. तिच्या वाट्याला फक्त मागचे खिसे. चेन दुसऱ्याकडे, पाय तिसऱ्याकडे, कमर आणखी कुणाकडे, असा तो कारभार.

ती कामाला लागली तेव्हा जीन्स हा उनाड पोरांचा पोशाख होता. मुलीने घातली तर तिच्या आईबापाचा उद्धार ठरलेला. चौऱ्याण्णव उजाडेपर्यंत स्टेशनावर मुलीही दिसायला लागल्या. बाकीच्या फॅशनी आल्या नि गेल्या, ही काही हटेना. जाडीभरडी, मळखाऊ, कुठेही बसा, कितीही उड्या मारा.

प्रश्न उड्यांचाच होता. त्या वर्षी अंबरनाथला त्यांच्या वस्तीतून बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्यांदाच मुलींचं लेझीम पथक निघणार होतं आणि पुढे होती चांगुणाची लेक तुळशी. सरावात साडीत पाय अडकून ती तोंडावर आपटली. मग आईमागे जीन्सचा धोशा लागला.

चांगुणाने सेठकडे उरलेलं कापड मागितलं. "ले जाओ बाई, बच्ची के लिए है," तो म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून सगळी लाईन बसली. कुणी पाय जोडले, कुणी चेन लावली, सुपरवायझर शशिकांतने स्वतः कमर बसवली. फक्त एक घोळ झाला. सगळ्यांच्या हाताला माप ठाऊक ते पुरुषांचं, त्यामुळे पाय चांगले चार बोटं लांब झाले. चांगुणाला त्याचं काही वाटलं नाही. परक्यांनी आपल्या पोरीसाठी एवढं केलं, म्हणून तिला भरून आलं होतं.

जयंतीच्या दुपारी तुळशी पांढरा शर्ट आणि निळी जीन्स घालून उभी राहिली आणि तिच्या बापाचा, जयदेवचा, चेहरा उतरला. तो जयंती मंडळाचा सेक्रेटरी.

"सगळ्या बाया पांढऱ्या साडीत, आणि माझीच पोरगी अशी? लोक काय म्हणतील? साडी नेस, नाहीतर घरी बस."

तुळशी साडी नेसणार नव्हती. म्हणजे पथक तिच्याविना निघणार. चांगुणाने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी जनाबाई काय बोलणार, हे तिला ठाऊक होतं.

"जयदेवा," जनाबाई म्हणाली, "तुजा आजापन ह्येच बोलला व्हता. गावात आमाला लुगडं गुडघ्यापतुर नेसाया लागायचं, आमची जात लांबून वळकू यावी म्हून. बाबासायबांनी सांगितलं, नीट घोट्यापतुर नेसा. मी नेसले, तर भर रस्त्यात थुंकले माज्यावर. घरी आले, तर सासरा म्हनतो, लोक काय म्हनतील. मी म्हनलं, म्हनू द्या."

जयदेवने खुंटीवरची लेझीम काढून लेकीपुढे धरली.

आता उशीर नको म्हणून तुळशीने लोळणारे पाय भराभर गुडघ्यापर्यंत दुमडले. जनाबाई सुईदोरा घेऊन तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि तिने ते पुन्हा खाली सोडले.

चांगुणाचे डोळे वाहत होते. इतकी वर्षं आपण या बाईला नुसते भ्यालो, आभार मानायचे राहूनच गेले, असं तिला वाटलं.

"आजी, वरच राहू दे ना," तुळशी म्हणाली, "नाचायला बरं."

"न्हाई," घोट्यापाशी टाका घालत जनाबाई म्हणाली. "हितवर यायला आमाला लई मार खावा लागला."