सरकवलेली खाट

"खाट कोणी सरकवली?"

अतिदक्षता कक्षाच्या डॉक्टरांनी विचारलं आणि सगळ्यांच्या नजरा आया कमलाबाईकडे वळल्या. गरिबाकडे त्या जरा लवकरच वळतात.

"म्या सरकवली, साहेब. अल्लीपूरची ते बुडी उकाड्यानं तडफडून राह्यली होती, अन् शेठले कूलरचा गारवा सोसत नव्हता. दोघंबी राजी होते. वायरीबी नीट लावल्या, एकबी लोंबकळू देली नाई!"

तिथंच तर घोळ झाला होता. सहाही खाटांचे मॉनिटर दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे २००४च्या मार्चात, सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडले होते. पण कॉम्प्युटर माणसाला ओळखत नाही, भिंतीवरच्या सॉकेटचा नंबर ओळखतो. कमलाबाईनं अल्लीपूरच्या त्या म्हातारीला, अनुसयाबाईला, कूलरसमोर आणून तिथल्या दोन नंबरच्या सॉकेटात वायर लावली, आणि पडद्यावर म्हातारीची नाडी ताराचंद शेठच्या नावानं चालू लागली. दुपारी ती मंदावली आणि टेबलावर भोंगा वाजला, तेव्हा जया सिस्टर धावली शेठकडे. शेठ ताक पीत बसले होते. "मशीन येडी झाली," म्हणून तिनं भोंगा बंद केला. चार मिनिटांनी अनुसयाबाईची सून ओरडली, म्हणून म्हातारी वाचली.

"उद्यापासून येऊ नका," डॉक्टर कमलाबाईला म्हणाले. बावीस वर्षांची नोकरी तीन शब्दांत आटोपली.

दवाखान्याचे मेकॅनिक मधुकरराव मागे उभे होते. वायरी त्यांनीच टाकल्या होत्या. जूनअखेर ते निवृत्त व्हायचे होते, आणि दोन वर्षं वाढवून मिळावीत हा त्यांचा अर्ज याच डॉक्टरांच्या टेबलावर होता. घरी रिकामं बसायची त्यांना मरणाची धास्ती होती. गप्प राहिले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काही जगात पहिल्यांदा होत नव्हतं.

"साहेब, चूक माही आहे," ते म्हणाले. "नंबर मशीनले द्याले पाहिजे होता, म्या भिंतीले देला. टेबलावर भोंगा वाजते म्हणून खाटेजवळचा आवाजबी मीच बारीक केलता. उन्हाळ्यात इथं खाटा सरकतात हे मले तीस वर्सापासून मालूम आहे. सॉकेट बदलू नको, हे बाईले सांगतलं कोणं? म्या तर नाई सांगतलं."

"लिहून द्याल?"

"देतो."

खिशातलं पेन काढून त्यांनी तिथंच लिहून दिलं.

कमलाबाईची नोकरी राहिली. अर्ज नामंजूर झाला. पडद्याची जबाबदारी मॉनिटरच्या कंपनीच्या माणसाकडे गेली आणि मधुकररावांना खाली धुलाईच्या यंत्रावर पाठवलं. यंत्रांना नंबर द्यायचं काम कंपनीनं दिवाळीवर ढकललं. घाई कुणाला होती?

जूनमध्ये एका दुपारी कमलाबाई दोन जिने उतरून खाली आली.

"भाऊ, चार नंबरच्या पेशंटच्या डोयावर ऊन येऊन राह्यलं. खाट सरकवू का?"

"मले काऊन विचारता, बाई? माहा आता तिथं काई संबंध नाई."

"मालूम आहे," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

मधुकररावांनी हात पुसले आणि तिच्यामागून वर गेले. खाट सरकली. वायर नव्या सॉकेटात गेली. जया सिस्टरनं पडद्यावरचं नाव बदललं.

"नाव काय तुमचं?" मधुकररावांनी पेशंटला विचारलं.

"प्रेमदास."

त्यांनी प्रेमदासच्या बोटाला लावलेली, नाडी मोजणारी चिमटी काढली. टेबलावर भोंगा वाजला. "प्रेमदास!" जया सिस्टरनं पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. चिमटी परत लावली, भोंगा थांबला. डॉक्टर दारात उभे राहून सगळं बघत होते.

"बरोबर आहे," मधुकरराव म्हणाले. तेव्हा कुठं कमलाबाईनं खाटेवरचा हात काढला.