शेवटच्या खुंटीवरचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना चेहरा आहे. डोक्याशिवायचा. अग्निशमन केंद्रात शेवटच्या खुंटीवर मी लटकतो आणि दिवसभर समोरच्या भिंतीकडे टक लावून बघतो. पापण्या नाहीत, त्यामुळे दुसरं काही जमतही नाही.

धुरात शिरताना तोंडावर चढवायचा मुखवटा, ही माझी ओळख. कारखान्यात मला काळं रबर मिळालं, मोठी काच मिळाली, तोंडाच्या जागी नळीसाठी एक भोक मिळालं. श्वास तेवढा द्यायचा राहिला. तो मी उसना घेतो. माझा माणूस पाठीवरच्या टाकीतली हवा ओढतो, तेव्हा मी बोलतो : खर्रर्र... फुस्स.

माझ्या माणसाला सगळे चकोटकाका म्हणत. दाढीचे खुंट राहिले तर माझ्या कडेतून धूर आत शिरतो, म्हणून ते दिवसातून दोनदा दाढी करत. मला रोज पुसत. पण शाळेत बंब दाखवायला निघाले की मला खुंटीवरच ठेवत. "ह्याला बघून पोरं जेवणार नाहीत," म्हणत. मुलं घंटा वाजवत, पाइप धरत, खूश होऊन घरी जात. मला वाईट वाटे. चेहऱ्यावर मात्र दिसत नसे.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराला आग लागली. बाहेर भर दुपार, आत अमावस्या. खाली एक आई ओरडत होती, "माझी चिमी वर आहे हो!"

आम्ही रांगत आत गेलो. धूर वर चढतो. उरलीसुरली हवा जमिनीलगत असते. पलंगाखाली कोणी नव्हतं. समोर भिंतभर कपाटं, दहा दारं. कुठूनतरी खोकला आला. आम्ही वळलो. खर्रर्र... फुस्स.

खोकला थांबला. कोणीतरी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. आगीला भिऊन लपलेली चिमी आता मला भीत होती.

काकांनी हाका मारल्या. माझ्यातून त्या विहिरीतून आल्यासारख्या निघाल्या. कपाटं गप्प. धूर खाली उतरत होता. मग काकांनी श्वास रोखला. मीही मेलो.

"गेलास का?" एका कपाटाने विचारलं.

"नाही गं," काका म्हणाले.

"तू भूत आहेस!"

"भूत असतो तर दारातून कशाला आलो असतो? भिंतीतून नसतो आलो?"

कपाटाने विचार केला.

"हो की," ते म्हणालं, आणि सातवं दार बोटभर उघडलं.

खाली आल्यावर काकांनी मला काढलं. आईच्या कडेवरून चिमी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आत तुम्ही होतात होय! मग शाळेत आलात तेव्हा ह्याला का नाही आणलंत?"

काकांनी माझी काच पुसली. त्यांच्या गुळगुळीत गालांवर पाणी कुठून आलं, ते मी विचारलं नाही.

आता माझ्या काचेला तडा गेलाय. आगीवर मला नेत नाहीत, पण शाळेत सगळ्यात आधी मीच जातो. मुलं किंचाळतात, मग मला तोंडावर चढवून एकमेकांना घाबरवतात. छान चाललंय.

एवढंच ऐका. घरात धूर दिसला तर रांगत बाहेर पडा, आणि राहिलेल्या खेळण्यासाठीसुद्धा परत आत जाऊ नका. अडकलात तर लपू नका. धुरातून माझ्या भावंडांचा श्वास ऐकू आला, तर जोरात ओरडा, "मी इथे आहे!"

ते येतील. दारातून, नाहीतर खिडकीतून. भिंतीतून कधीच नाही.