मशीनवरची सूनबाई

त्या घरातलं धुण्याचं मशीन कपडे धुवेपर्यंत अगदी गरीब गाय. पण पिळायला लागलं की असा थयथयाट करायचं, की न्हाणीघरातून निघायचं ते थेट स्वयंपाकघराच्या दारात! मग त्याच्यावर कुणीतरी बसायला हवं. नवऱ्याची पाठ दुखते, सासूबाईंचे गुडघे. राहिलं कोण? सूनबाई!

बरं, पिळणं कधी सुरू होईल याचा नेम नाही, म्हणून ती पहिल्यापासूनच चढून बसायची. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नसे. एरवी बाईमाणूस जरा टेकलं रे टेकलं की सगळ्या घराला तहान लागते. पण "ती मशीनवर बसलीय" म्हटलं की बेल वाजली तर नवरा उठायचा आणि सासूबाई आपला चष्मा आपण शोधायच्या.

आणि ही बया वर बसून काय करायची? साबण कोरायची! झिजलेल्या वड्या, केसांचा एक जुना आकडा आणि एक सेफ्टी पिन, बस्स. मशीन धुवत असलं की कोरायचं. पिळायला लागलं की हात हलतो, मग नुसता विचार. विचार तरी कसले? कोपऱ्यावरचा न्हावी स्वतःचे केस कुणाकडून कापून घेत असेल? माशीला कंटाळा येत असेल का? काहीच्या बाही! पण घरात दुसरीकडे कुठे असल्या विचारांना जागा नव्हती.

खिडकीच्या कट्ट्यावर तिची फौज उभी होती. एका कानाची मांजर, छत्री धरलेला पोस्टमन, ढेरी सावरत उभा नवरा. सासूबाईही होत्या, चष्म्यासकट, हुबेहूब. पण एकदा खुद्द सासूबाईंनी चष्मा नसताना ती वडी उचलली आणि लेकाच्या शर्टाची कॉलर खसाखसा घासली. आधी नाक गेलं, मग डोकं. सूनबाईला हसावं की रडावं कळेना.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "आमच्या डोक्यावर रोज घोडा नाचवता का हो?" म्हणाल्या. नवऱ्यानं लगेच मशीनवाल्याला फोन लावला आणि बायकोला म्हणाला, "उद्या येतोय तो. सुटलीस एकदाची!"

बिचाऱ्याला वाटलं, केवढे उपकार केले. तिला मात्र हे उपकार नको होते. दिवसभरातला तेवढाच तर वेळ तिचा होता.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्यानं मशीन तिरकं केलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "याला काही झालेलं नाही. एका पायाखालचं रबर नाहीये, बाकी सगळं ठणठणीत. पण हे आपोआप पडत नाही हो, पाना लावून काढावं लागतं."

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं, लेकानं आईकडे, आणि मग दोघांनी तिच्याकडे. उंदरानं नेलं असेल, असं म्हणायला तिची जीभ वळवळली. पण मग तिला स्वतःचाच राग आला. वेळ माझा, आणि चोरही मीच?

"मी काढलं," ती म्हणाली. साबणाच्या डब्यातून रबर काढून तिनं मशीनवाल्याच्या हातावर ठेवलं.

"अगं बाई! कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"बसायला."

"बसायला? घरात खुर्च्या काय कमी आहेत?"

"खुर्चीवरून तुम्ही उठवता, आई. मशीनवरून नाही उठवत."

मशीनवाला एकदम पाना पुसण्यात गुंग झाला. नवरा पुटपुटला, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं की! 'हो हो, बस की खुशाल,' म्हणालात. आणि बसल्याबरोबर चहा मागितलात." ती मशीनवाल्याकडे वळली. "लावा हो तुम्ही रबर. त्या काकूंना का ताप?"

सासूबाई दिवसभर फुरंगटून बसल्या. बसोत!

दुसऱ्या दिवशी तिनं कपडे टाकले, बटण दाबलं आणि झाकणावर चढून बसली. मशीन धुवायला लागलं, पिळायला लागलं, पण जागचं तसूभर सरकलं नाही. तिचा हातही आता थरथरेना. छान झालं, तिला वाटलं, पिळताना पण कोरता येतंय.

"अगं, चहा टाकतेस का?" बाहेरून नवऱ्याची हाक आली.

"मशीनवर बसलेय."

तो दारात येऊन उभा राहिला. मशीनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "पण आता ते हलत नाही ना?"

"नाही हलत," ती म्हणाली. "मीपण नाही हलणार."

तो आल्या पावली परतला. मग स्वयंपाकघरात एक डबा पडला, मग एक झाकण.

"साखर कुठंय गं?"

"शोधा!" तिनं मान वर न करताच सांगितलं, आणि नव्या कोऱ्या वडीवर सासूबाईंचं नाक कोरायला घेतलं.