मांजरपाटाची चकती

शुक्रवारची सांज झाली तशी दिनाने शब्बाथचा दिवा लावला, डोळ्यांवरचे हात काढले आणि सहज म्हणाली, "अहो, ती गोळी उद्या हॉब्जसाहेबांना बंदुकीत ढकलता येईल ना?"

राफाएल चेऊलकर ताडकन उठला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सबंध हिवाळा त्याने त्या गोळीपायी जिवाचं रान केलं होतं. विल्फ हॉब्जची बंदूक म्हणजे जुनी, चकमकीची, तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. रायफलीच्या नळीला आतून आटे असतात, ते गोळीला फिरवत सरळ नेतात. हिची नळी आतून गुळगुळीत. गोळी आत खडखडत येणार आणि बाहेर पडली की मनाला येईल तिकडे जाणार. नेमबाजीच्या क्लबातले इंग्रज हसून सोडून देत. राफाएलला कुठलं सोडवतंय? इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारा माणूस तो, आणि त्याआधी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला. त्याने दारू कमी करून पाहिली, वाढवून पाहिली, गोळ्यांचे साचे बदलले, नाना तऱ्हेची फडकी लावून पाहिली. शेवटी दिनाच्या ट्रंकेतला जाडाभरडा मांजरपाट कामाला आला. त्याची गोल चकती कापायची, चरबीत भिजवायची, गोळीखाली धरायची आणि गजाने दोन्ही मिळून खाली ठासायची. चरबी मेंढीची बरं का. क्लबात सगळे डुकराची वापरत, ती या घरात कशी चालणार?

त्या चकतीने गोळी नळीत घट्ट बसली आणि मार्चमधल्या एका रविवारी विल्फच्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत लागल्या. म्हातारा लहान पोरासारखा हसला होता.

आता घोडं अडलं ते इथे. विल्फचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकून खांद्याला लावली की थरथर थांबायची, देव जाणे कशी. पण बार भरणं त्याला जड जाई, म्हणून दर रविवारी भरायचा तो राफाएल. उद्याच्या स्पर्धेत मात्र ज्याने उडवायचा त्यानेच भरायचा, हा नियम. नियम दोघांनाही पाठ होता! आणि तरी या अकलेच्या खंदकाने घट्ट बार जुळवला तो स्वतःच्या मनगटांच्या जोरावर.

"मलमल लावली असती तर सैल गेली असती," तो म्हणाला. "नेम थोडा हलला असता, पण गेली असती."

"मग लावा ना. माझी जुनी ओढणी आहे, काप..." दिनाची नजर दिव्याकडे गेली.

दिवा लागला होता. तो लागला की शनिवारची रात्र पडेपर्यंत ज्यूंना काम वर्ज्य. आता कात्री नाही, बस नाही, शेजाऱ्यांचा टेलिफोन नाही. गोळ्या आणि चकत्यांची पिशवी तर दुपारीच विल्फकडे पोचली होती.

दुसऱ्या कुणासाठी राफाएलने शब्बाथ मोडलाही असता कदाचित. पण त्याला शनिवार मिळवून दिला होता तो विल्फनेच. चौसष्ट साली तो नवा आला, तेव्हा विल्फ टूलरूमचा फोरमन. शनिवारची पाळी सगळ्यांना सक्तीची. विल्फ मॅनेजरशी भांडला, वाईटपणा घेतला आणि राफाएलची पाळी रविवारी लावली. पाळी संपली की दोघे तिथूनच नेमबाजीच्या मैदानावर जात. विल्फ कधी देवळात गेलेला माणूस नव्हे. तरी शुक्रवारी घड्याळ बघून म्हणायचा, चल नीघ, तुझी बायको दिवा लावायची थांबली असेल.

आणि आता त्याची मुलगी त्याला सोमवारी एडिनबराला घेऊन जाणार होती. तिच्या घरात बंदूक चालणार नव्हती. रविवारी गिऱ्हाईक येऊन ती नेणार होतं. उरला होता तो हा एक शनिवार.

सकाळ होताच राफाएल चालत निघाला. मैदान गावाबाहेर. बसगाड्या शेजारून जात होत्या आणि तो झपाझपा पाय उचलत होता. मनात एकच. वेळेवर पोचलो तर निदान सांगता येईल, चकती लावूच नका, नुसती गोळी सोडा. गेली कुठेही तरी चालेल, पण उडू दे.

पोचला तेव्हा विल्फ उभा होता, गज नळीत अर्धा रुतलेला. कुणीतरी सांगितलं की पहिला बार कसाबसा ठासला गेला आणि गोळी थेट काळ्या वर्तुळात लागली. त्या बाराची काजळी नळीत धरली आणि दुसरी गोळी मध्येच अडकली. विल्फ दोन्ही हातांनी गजावर भार देत होता. गज हलत नव्हता, हात तेवढे हलत होते. मागे रांगेतली माणसं दुसरीकडे बघत होती. त्यांच्या त्या सभ्यपणाचा राफाएलला मनस्वी संताप आला.

अशी अर्धवट अडकलेली गोळी उडवली तर नळी फुटते. मैदानाच्या प्रमुखाने हात वर केला. आता बंदूक रिकामी करायची आणि विल्फची पाळी संपली.

राफाएल दोर ओलांडून आत गेला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने गज धरला. त्याच्या एका रेट्याचं तर काम होतं ते. प्रमुख ओरडला की मदत चालणार नाही. ते त्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

विल्फने त्याच्या मुठीवर आपला थरथरता हात ठेवला.

"सोड, राफी," तो म्हणाला. "आज शनिवार आहे तुझा."

राफाएलने सोडला.

मग मैदानावरच्या माणसांनी नळीत पेच घालून गोळी उपसली. विल्फने ती निरखून पाहिली, बार झकास जमला होता म्हणाला आणि राफाएलपुढे धरली. मग आठवण होऊन त्याने हात मागे घेतला. राफाएल शब्बाथला खिशातून काही नेत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने ती आपल्याच कोटात टाकली. क्लबातल्या एकाने विल्फला गाडीत बसवलं. राफाएलला कुणी विचारलं नाही, तो गाडीत बसणार नाही हे विल्फने आधीच सांगितलं असावं.

घरी दिना दारातच होती.

"नाही लागली?"

"एक लागली. दुसरी उडालीच नाही."

तिने त्याच्या तळव्यावरचा काळा डाग पाहिला. शब्बाथच्या दिवशी हाताला काजळी का लागावी, ते तिला उमगलं. तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली. खिडकीत मांजरपाटाच्या उरलेल्या चकत्या होत्या. त्याने अंगठा दाबून दाबून हात धुतले, बराच वेळ धुतले. पाणी संपलं तरी तो हात तसेच पुढे धरून उभा होता.