महिपतरावांचे कान

मित्रांनो, मी पिठाच्या गिरणीतला एक जुना दगड आहे. सध्या कोथरूडमध्ये त्याच गिरणीबाहेर फुटपाथवर भिंतीला टेकून उभा आहे. येणारेजाणारे माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात.

एकोणतीस वर्षे मी महिपतरावांच्या गिरणीत फिरलो. गहू, ज्वारी, भाजणी, सगळे दळले. महिपतराव माझ्याकडे पाठ करून पिशव्या बांधत, पण कान माझ्याकडे असत. वरचे धान्य संपत आले की माझा आवाज बदलतो. शेवटचा दाणा पडायच्या आत त्यांचा हात बटणावर असे, कारण गिरणी रिकामी फिरली तर दगडावर दगड घासून त्याची बारीक भुकटी पिठात उतरते. "माझ्या गिरणीचं पीठ कधी कचकचलं नाही," असे ते सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे.

गेल्या वर्षी समोरच्या सोसायटीतल्या नम्रताताईंनी डबा आपटला. "अहो, पीठ दिलंत की वाळू?"

"दगड जुना झालाय," महिपतराव म्हणाले.

त्यांनी मला दोनदा टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करून घेतले. कचकच गेली नाही, गिऱ्हाइके मात्र गेली. मी रिकामा ओरडत असे आणि ते पाठमोरे पिशवी बांधत असत.

त्यांच्या पत्नीला, शालनताईंना, सगळे कळले होते. तोंडावर सांगितले की महिपतराव चिडत. एकदा गिरणी बंद असताना त्या मागून म्हणाल्या, "अहो, दगडाला कशाला बोल लावता? कान दाखवून या." ते सुतळीची गाठ मारत राहिले. शालनताई पोत्यावर बसून रडल्या, तेही त्यांना कळले नाही.

मित्रांनो, ते कान मीच खाल्ले. रोज दहा तास त्यांच्याजवळ ओरडलो, आणि मला वाटे मी त्यांना साथ देतो आहे.

शेवटी त्यांनी मला काढून नवा दगड बसवला. तुम्ही दळण घेऊन गेलात तर त्यांच्यासमोर उभे राहा आणि खरे काय ते सांगा. घरच्यांचे ते ऐकत नाहीत, परक्याचे कदाचित ऐकतील. मला तर बोलताच येत नाही.

काल उरलेसुरले एक गिऱ्हाईकही पीठ परत देऊन गेले. महिपतराव दारात आले, चिमूटभर पीठ दाताखाली धरून थुंकले आणि स्वतःशीच म्हणाले, "हाही दगड तसलाच निघाला."