वाळूतली पेटी

भर उन्हाळ्यातला नाताळ झाला आणि दोन दिवसांनी ॲन्ड्रिया आईला गाडीत घालून ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीहून निघाली. दहा दिवसांचा बेत होता. आधी ग्रँपियन्सच्या डोंगरातलं हॉल्स गॅप, मग लिटल डेझर्ट नॅशनल पार्क, तिथून शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात शिरून फ्लिंडर्स रेंजेस. मोटेलं बुक झालेली, कुठल्या दिवशी कुठे किती वाजता पोचायचं तेही फोनवर टिपलेलं.

आई, कार्मेल रुमाव, अडुसष्ट वर्षांची. वसईजवळच्या नंदाखालची. एकतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होती. पहिल्यांदाच मुलीकडे आली होती. हॉल्स गॅपला सगळे कड्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढत होते, तेव्हा ही मागे एका जळक्या झाडापाशी थांबली होती. काळ्या बुंध्यातून थेट हिरवी पानं फुटली होती. ती बोट लावून पाहत होती, आतून ओल कुठून येते ते.

"मम्मा, व्ह्यू तिकडे आहे," ॲन्ड्रिया म्हणाली.

"बघितला गं. हे बघ ना."

दुसऱ्या दिवशी लिटल डेझर्टच्या कडेला निल नावाच्या गावात बेकरीत रांगेत उभ्या होत्या. पुढच्या म्हातारीच्या टोपीवर एका पक्ष्याचा बिल्ला होता. कार्मेलने लगेच विचारलं, हा कोणता पक्षी?

पक्षी मॅलीफाउल, म्हातारीचं नाव वेंडी. पार्कातल्या मॅलीफाउलची नोंद ठेवायला ती आठवड्यातून दोनदा जायची. कोंबडीपेक्षा थोडा मोठा पक्षी, ती म्हणाली, पण अंड्यांवर बसत नाही. वाळूचा आणि पाल्याचा कमरेएवढा ढीग करतो, त्यात अंडी पुरतो आणि नर चोचीने वाळू चाखून आतली उष्णता सांभाळतो.

"किती ठेवतो?" कार्मेलने विचारलं.

"तेहतीस डिग्री. एखादी इकडे-तिकडे."

कार्मेल पाव घ्यायचा विसरली. "आमच्या वॉर्डात काचेच्या पेटीत दीड किलोच्या बाळाला साधारण एवढंच ठेवायचो," ती म्हणाली. "आणि त्याला मशीन असायचं, अलार्म असायचा. हा चोचीने?"

वेंडी हसली. "उद्या सहाला येता? पार्कात नेते."

ॲन्ड्रियाने फोन पाहिला. उद्या दुपारच्या आत बॉर्डर ओलांडायची होती. आईचा चेहरा पाहिला आणि ती म्हणाली, "येतो."

सकाळी तिघी झुडपांच्या आड, ढिगापासून बऱ्याच लांब, बसल्या. वेंडीने बजावलं होतं, हलायचं नाही, काही झालं तरी पुढे जायचं नाही. नर आला. करड्या-तपकिरी पट्ट्यांचा, गंभीर. पायांनी वाळू मागे फेकत त्याने ढीग वरून उघडायला घेतला. मधेच थांबून चोच वाळूत खुपसायचा, मग पुन्हा उकरायचा.

"उन्हाळ्यात आतलं तापतं," वेंडी कुजबुजली. "म्हणून सकाळी उघडून गार वाळू भरतो."

कार्मेलचे प्रश्न संपेनात. अंडी किती? पंधरा-वीस, पण महिनोन् महिने थोडी थोडी. मादी जवळ थांबते का? नाही. मग पिल्लांना भरवतं कोण?

"कोणी नाही," वेंडी म्हणाली.

तेवढ्यात ढिगाच्या कडेला वाळू हलली. आधी डोकं आलं, मग एक पंख. वेंडीने कार्मेलचं मनगट धरलं. वीस वर्षांत हे तिने दोनदाच पाहिलं होतं. पिल्लू अर्धं बाहेर आलं आणि मान टाकून पडलं. नराचं लक्षच नव्हतं. त्याने पाय मारला आणि मूठभर वाळू पिल्लावर पडली. डोकं दिसेनासं झालं.

कार्मेल उठून उभी राहिली.

"मम्मा, बस," ॲन्ड्रिया दबक्या आवाजात म्हणाली.

"श्वास बंद होईल त्याचा."

"कार्मेल, प्लीज," वेंडी म्हणाली. "आपण गेलो तर नर पळेल, ढीग उघडा राहील. आतली अंडी भाजतील."

कार्मेल उभीच होती. हात पुढे आलेले, बोटं थोडी वाकलेली. ॲन्ड्रियाने तिचे हात असे कधी पाहिले नव्हते. मग ती हळूच खाली बसली. ओठ हलत होते; बहुतेक सेकंद मोजत होती.

ऊन चढलं. माशा तोंडावर बसत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे, पण वाळू पुन्हा हलली आणि पिल्लू घरंगळत ढिगाच्या पायथ्याशी आलं. तिथे पडून राहिलं. पोट वरखाली होताना वेंडीच्या दुर्बिणीतून दिसत होतं. कार्मेलने दुर्बीण कुणालाच दिली नाही. अखेर पिल्लू उठलं, धडपडलं, पुन्हा उठलं आणि मागे न बघता झुडपांत पळून गेलं.

"गेलं," कार्मेल म्हणाली. डोळे पुसले आणि लगेच वेंडीकडे वळली. "पण खायचं काय ते त्याला कसं कळतं?"

"तेच आम्हालाही नीट माहीत नाही," वेंडी म्हणाली.

गाडीत बसेपर्यंत अकरा वाजले होते आणि बाहेर एकोणचाळीस डिग्री. फ्लिंडर्सचं त्या दिवशीचं बुकिंग ॲन्ड्रियाने फोन करून पुढे ढकललं. गाडी हमरस्त्याला लागली. ॲन्ड्रियाच्या डोळ्यांसमोर आईचे ते हात होते. लहानपणी तिला वॉर्डात जायची मनाई होती, आणि मोठेपणी तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मम्मा, लाइट गेले की तुम्ही काय करायचात? पेट्या बंद पडायच्या ना?"

कार्मेलने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"जनरेटर होता की. पण एकदा पावसात तोही बंद पडला. चार बाळं पेटीत. दोघांच्या आयांना उठवून बाळं त्यांच्या छातीशी दिली. एका बाळाची आई ऑपरेशन झालेली, शुद्धीत नव्हती. तिचं मी घेतलं, युनिफॉर्मच्या आत, अंगाला लावून. पाच तास."

"आणि चौथं?"

"थांब, सांगते. आधी त्या वॉर्डबॉयचं ऐक, त्याने काय केलं..."

पुढचं गाव आलं आणि गेलं. ॲन्ड्रियाने पेट्रोललाही गाडी थांबवली नाही.