उचला आणि लोटा

मी मागचा दरवाजा बोलतोय. पुढच्या दरवाजाशी माझी गल्लत करू नका. त्याला घंटी आहे, पाटी आहे, लोक त्याच्यासमोर उभे राहून केस सारखे करतात. माझ्यातून केराची बादली जाते, ओले कपडे जातात आणि घरची माणसं जातात. चौतीस वर्षं हेच काम केलं. तक्रार नाही.

माझं लाकूड एका जुन्या गोदामाचं. गोदाम पाडलं तेव्हा एका गवंड्याने मला निवडलं आणि खांद्यावरून आणलं. तो तेव्हा स्वतःचं घर बांधत होता. कामाच्या दिवशी लोकांच्या भिंती, सुटीच्या दिवशी स्वतःच्या. बायकोला दिवस गेले होते, भाड्याची खोली सोडायची होती. घाई झाली. त्या घाईत त्या माणसाने आयुष्यात एकदाच कामात कसूर केली. मागच्या कोपऱ्यात चुना भिजवायचा खड्डा होता. तो मातीने भरला, दोन दिवस तुडवला आणि त्याच्यावरच भिंत उभी केली. त्याच भिंतीत मी आहे.

दोन वर्षांत तो कोपरा बोटाच्या रुंदीइतका खचला. बिजागऱ्यांकडची बाजू खाली गेली, तिच्याबरोबर मीही खाली आलो आणि उंबऱ्यावर बसलो. तेव्हापासून मला उघडायची एक रीत पडली. मूठ धरून उचलायचं, मग गुडघ्याने लोटायचं. नुसतं ढकललं तर मी हलत नसे. पाहुणे झटापट करत आणि आतून हाक येई, "उचला आणि लोटा." घरातली दोन्ही मुलं शाळेत जाण्याआधी हे शिकली.

शेजारीण एकदा गवंड्याला म्हणाली, "लोकांच्या भिंती ओळंब्यात, आणि स्वतःचं दार लंगडं."

तो म्हणाला, "लंगडंच बरं. भिंत कुठवर आली ते तेच सांगतं."

ते खरं होतं. घर पुरं झालं त्या तारखेला तो दरवर्षी माझी आडवी कडी सरकवायचा. समोरच्या चौकटीवर ती जिथे येईल तिथे, तिच्या खालच्या कडेशी, थापीच्या टोकाने रेघ ओढायचा. पहिल्या वर्षीची रेघ वर. दुसऱ्या वर्षीची तिच्या खाली. तिसरी दुसरीवरच पडली. चौथीही. पुढे ओढून ओढून तिथे खाच झाली. म्हणजे भिंत दोन वर्षं खचली आणि थांबली. तीस वर्षं त्याने रेघ चुकवली नाही. नंतर तो गेला. त्याला चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत रेघ कुणी ओढली नाही. बायकोची नजर अधू झाली होती आणि मुलांना वाटायचं, तो बाबांचा नाद होता.

आता घर विकायला काढलं. कारण साधं आहे. धाकटी मुलगी राहते त्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. खोल्यांचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार, पुढे नाही. ते जमलं नाही तर आईला थोरल्याकडे चौथ्या मजल्यावर जावं लागणार. तिथे लिफ्ट नाही. तिचे गुडघे तेवढे जिने एकदा चढतील, पुन्हा उतरणार नाहीत. म्हणजे खिडकीत बसून राहणं आलं. तिला ते नको होतं. ती म्हणाली, "घर लवकर विका. मला रडत बसायचं नाही."

मग एजंट आला. त्याने सगळं घर फिरून पाहिलं आणि हुकूम सोडले. भिंतीवरचे फोटो काढा. कपाट अर्धं रिकामं करा. कोपऱ्यातली खुर्ची हलवा. सगळे दिवे लावून ठेवा.

"अहो, त्या खुर्चीला धरून मी मोरीकडे वळते," आई म्हणाली.

"मावशी, आठच दिवस. गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत ठरवतं. नंतर नुसती कारणं शोधतं."

ती आठ दिवस भिंत चाचपत चालली.

माणसांची एक गोष्ट मला कळलेली नाही. न्हाणीघरातला नळ नऊ वर्षं गळत होता, तो एका सकाळीत बंद झाला. खिडकीची फुटकी काच बदलली. जिथे राहायचं तिथे चालवून घेतात, आणि जिथून निघायचं ते घर नव्यासारखं करतात.

माझीही पाळी आली. सुतार आला, त्याने मला उतरवून आडवं टाकलं आणि बुडाचं लाकूड रंध्याने तासलं. बिजागऱ्या होत्या तिथेच ठेवल्या, फक्त तेल पाजलं. मागून रंगाऱ्याने चौकट पांढरी केली. खाच रंगाने बुजली. थोरला समोरच उभा होता, त्याच्या लक्षात आलं नाही.

मला परत बसवलं आणि तेव्हापासून माझं स्वास्थ्य गेलं. बुडाला उंबऱ्याचा आधार उरला नाही आणि चौकट तर तिरकीच. मी आपला आपण उघडतो. कुणी लावलं की पुन्हा उघडतो. इतकी वर्षं ज्याला उचलल्याशिवाय हलवता येत नव्हतं, तो मी दिवसभर येरझाऱ्या घालतोय. लाज वाटते. एजंटने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या खाली कोंबली.

रविवारी सकाळी घर बघायला एक बाई आली. बाजारातले वजनकाटे दुरुस्त करायचा तिचा धंदा. बोलणं कमी, बघणं जास्त. खोल्या बघून झाल्या तशी ती म्हणाली, "मागचं अंगण दाखवा."

थोरला पुढे झाला. त्याने पायाने पुठ्ठा काढला. मग हाताला ज्याची सवय होती तेच हाताने केलं. मूठ धरून मला जोरात उचललं आणि गुडघ्याने लोटलं. मी अडलोच नाही. तो तसाच अंगणात गेला आणि धुण्याच्या दगडावर हात टेकून कसाबसा सावरला.

"नीट दरवाजाला एवढा जोर कशाला?" बाईने विचारलं.

"सवय," थोरला म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

मी तोवर परत फिरलो होतो. कुणी हात न लावता हळूहळू लागलो आणि पुन्हा उघडलो.

"वारा आहे हो जरा," एजंट म्हणाला.

"बाहेर पान हलत नाहीये." बाईने खाली वाकून माझं ताजं तासलेलं बूड पाहिलं. "कोपरा खचलाय. आणि तुम्ही वरून रंग दिलाय. येते मी."

माझ्यामुळे झालं हे. मी जागेवर राहिलो असतो तर घर विकलं गेलं असतं. पण मला थांबता येत नव्हतं.

आई भिंत धरत धरत आली. "थांब गं. कोपरा खचलाय हे खरं. चुन्याच्या खड्ड्यावर भिंत आहे. माझ्या नवऱ्याने घाई केली."

"आई," थोरला दबक्या आवाजात म्हणाला.

"तू गप्प बस. गवंड्याचा मुलगा आणि रेघेवर रंग देऊ दिलास."

तिने चौकटीवर बोटं फिरवली. एकदा वर, एकदा खाली. मग नखाने रंग खरवडायला लागली. "ही पहिल्या वर्षाची. ही दुसऱ्याची. बाकी सगळी वर्षं इथेच. गेल्या चार वर्षांचं मला माहीत नाही. ते तूच बघ."

बाईने किल्लीने खाचेतला उरलेला रंग काढला. एजंट घड्याळाकडे बघत होता. थोरल्याने मला लावून धरलं आणि बाईने माझी कडी सरकवली.

मला तरी कुठे माहीत होतं? आपण किती खचलो ते आपलं आपल्याला कळत नाही.

कडी समोर गेली. तिची खालची कड खाचेवर टेकली. वर नाही, खाली नाही.

बाईने कडी मागे घेऊन पुन्हा एकदा सरकवून पाहिली. मग म्हणाली, "आजी, माझ्याकडे येणारा प्रत्येक काटा म्हणतो मी बरोबर आहे. आपण किती चुकतो ते लिहून ठेवणारा हा पहिलाच." ती थोरल्याकडे वळली. "घर घेते. महिनाअखेर चालेल. जायच्या आधी यंदाची रेघ मात्र आजींच्या हातची हवी."

काल आई धाकटीच्या गल्लीत राहायला गेली. जाण्याआधी तिने पेटीतून थापी काढली आणि रेघ ओढली. रेघ जराशी वाकडी आली. पण जागेवर आहे. मग तिने माझी मूठ धरून मला उचललं आणि लोटलं. गरज नव्हती. मी तेवढ्यापुरता जड झाल्यासारखं केलं.

आता घर रिकामं आहे. मी उघडतोय आणि लागतोय.

नवीन मालकीणबाई, तुम्ही एक तारखेला याल. चौकटीला रंग देऊ नका. थापी खिडकीत ठेवली आहे, वर्षातून एकदा रेघ ओढा. आणि आल्या आल्या माझ्या बुडाला एक लाकडी पट्टी मारा. कसल्याही लाकडाची चालेल. मला फिरायची सवय नाही, बसायची आहे.